एक सूत कमी

जाहिरात आर्वोनं सांगितली, मी लिहिली :
तेरा फुटी, फायबरची, वजन साडेबाराशे पौंड,
लहान गाडीमागेही कुरकुर न करता येते.
खाली माझ्या अकलेनं एक ओळ जोडली :
उजव्या खिडकीतून गळते, पाऊस ईशान्येचा असेल तरच.
अशानं कोण घेईल, तो म्हणाला.
ज्याला खिडकीखाली भांडं ठेवता येतं तो.

शनिवारी दुलुथहून मार्लिस आली.
शाळेची बस चालवते, बोटांना अजून मार्चच्या भेगा.
बरोबर नऊ वर्षांचा पोरगा.
तो सरळ आत शिरला आणि एकेक कप्पा उघडून
पंचनाम्यासारखा मोठ्यानं सांगू लागला :
काडेपेटी.
मेलेली माशी. अजून एक.
पत्त्यांचा जोड, पण बदामची राणी नाही.
आणि एक पुठ्ठा, त्यावर पेनानं लिहिलंय, राणी.

एकोणीस उन्हाळे आम्ही त्या पुठ्ठ्यावर डाव जिंकलो.

मार्लिसनं घासाघीस केली नाही.
टायरला टाच मारली, मग पाकिटात पाहिलं,
मग परत टायरकडे.
तिनं तोंड उघडायच्या आत मीच चारशे कमी केले.
आर्वो सौनाच्या भिंतीशी खुर्चीवर.
त्याच्या डोळ्यांत मधोमध डाग पडलाय.
तुझं तोंड दिसत नाही, म्हणतो, कान दिसतात.
गेल्या शरदात कचेरीतल्या मुलीनं
त्याच्या परवान्याचा कोपरा कात्रीनं कापला
आणि परत दिला. ओळखपत्र म्हणून चालेल.

मी जॅकचा दांडा फिरवला,
ट्रेलरचं तोंड तिच्या गाडीच्या गोळ्यावर उतरलं.
खट्.
साखळ्या खालून आडव्या घातल्या,
पोरगा मागे उभा राहून ओरडला, डावा लागतोय! उजवा लागतोय!
झालं म्हणून मी हात पुसले.

तेव्हा आर्वो उठला.
दोरीवरच्या टॉवेलांना हात लावत लावत आला,
वाकला, जोडाखाली बोटं घातली,
जसं तो गाभण गाईच्या पोटाला लावायचा,
घाई नाही, मान दुसरीकडेच.
म्हणाला, जॅक परत वर घे.
मी घेतला.
खटका बंद होता, गाडी उचलायला हवी होती,
गाडी जागच्या जागी.
ट्रेलर तेवढा अलगद सुटून वर आला.

एक सूत कमी, तो म्हणाला.
तुझा गोळा दोनाला एक सूत कमी आहे, पोरी.

मार्लिस काही बोलली नाही.
पोराला जवळ ओढलं, तो म्हणाला, काय झालं?
आमच्या फाट्याला रूळ आडवे जातात,
तिथेच उडाली असती.

गावातलं दुकान शनिवारी दुपारी बंद.
आर्वो आमच्या ट्रकच्या मागे गेला.
नट एकोणीस वर्षं कुणी हलवला नव्हता.
तेल सोडलं, पान्यावर पाइप चढवला,
मी त्यावर लोंबकळले,
इतकी वर्षं खाल्लेल्या पावाचं त्या दिवशी चीज झालं.
नट किंचाळला आणि सुटला.
भोक तेच होतं, नशीब.
आमचा गोळा तिच्या गाडीला बसवला, जॅक वर घेतला,
या वेळी गाडीची पाठही उचलली गेली.
पैसे काढायला लागली तर आर्वो म्हणाला,
तो ट्रेलरमध्येच धरलेला आहे.
धरलेला नव्हता.

आम्ही उभे राहिलो. खडी वाजली,
मग मोरीवरची फळी, मग रूळ :
त्यानं माझं मनगट धरलं, पुढची दोन चाकं, मागची दोन,
मग ट्रेलरची.
मग डांबरावर काहीच ऐकू येत नाही.
मागे पिवळ्या गवताचा चौकोन, त्यात एक मुंगळा.

रात्री त्याचा स्वेटर खुंटीवर एका अंगाला ओघळला होता.
खिशात मार्लिसचा तो धाकटा गोळा.
काढून ठेवू का, मी विचारलं.
असू दे, म्हणाला.
त्याला तरी आता कुठं जायचंय.